बर्फातलं लग्न प्लॅन करताय? मग हे प्रश्न पडणारच

ऐन हिवाळ्यात, चहूकडे बर्फ असताना लग्न करायचं म्हटलं की आधी सगळे वा वा करतात आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतात. गाड्या पोचतील का, आजीला झेपेल का, नवरी काकडून जाईल का. प्रश्न अगदी रास्त आहेत आणि बहुतेकांना उत्तरंही आहेत. माझं एक ठाम मत आधीच सांगते, हाल बर्फामुळे होत नाहीत, हाल होतात ते मधल्या वेळांमध्ये. म्हणजे गाडीतून उतरून दारापर्यंत जाताना, विधी संपल्यावर जेवण सुरू व्हायची वाट बघताना, "फक्त दोनच मिनिटं" म्हणून फोटोसाठी बाहेर ताटकळताना. खालची बरीचशी उत्तरं त्यावरच आहेत.

तारीख कशी ठरवायची? त्या दिवशी बर्फ पडेलच ना?

गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. त्या जागेचे ३० वर्षांचे सरासरी आकडे बघा (हवामान खाती सध्या १९९१ ते २०२० ची सरासरी वापरतात), त्यातून तापमान साधारण किती असतं आणि जमिनीवर बर्फ साचलेला असतो का एवढं कळतं. आणि हा फरक खूप महत्त्वाचा आहे, बर्फ "पडणं" आणि बर्फ "असणं". तुम्हाला खरं तर असलेला बर्फ हवाय, पडणारा नको. लग्नाच्या दिवशी निरभ्र आकाश आणि आधीच साचलेला पांढराशुभ्र बर्फ, याच्याइतकं सुख नाही. म्हणून हिवाळ्याच्या अगदी सुरुवातीची तारीख घेण्यापेक्षा, बर्फ बसून कडक झाल्यानंतरचा काळ घ्या.

अंदाजाचं म्हणाल तर ५ दिवसांपर्यंतचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो, १० दिवसांच्या पुढचा अंदाज म्हणजे जवळपास नाणं उडवल्यासारखं. दोन आठवडे आधीपासून रोज ॲप बघून जीव टांगणीला लावू नका, काही उपयोग नाही त्याचा.

हॉल किंवा रिसॉर्ट बघायला जाताना काय विचारायचं?

शक्य असेल तर हिवाळ्यातच बघायला जा, उन्हाळ्यातले फोटो बघून बुक करू नका. कारण उन्हाळ्यात जिथे ८० गाड्या लागतात तिथे हिवाळ्यात बाजूला ढकललेल्या बर्फाचे ढीग असतात आणि निम्मी जागा त्यातच जाते. विचारायचं ते असं: आवारातला बर्फ कोण काढतं आणि किती वाजता, ते करारात लिहिलंय का, मेन रोडपासून गेटपर्यंतचा रस्ता कोणाच्या अखत्यारीत येतो, लाइट गेली तर जनरेटरवर हीटिंग चालतं की फक्त दिवे, गाडी अगदी दारापाशी आणता येते का. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दारापाशी छप्पर असलेली जागा असेल, जिथे माणसं कोरड्यात उतरतील, तर त्या हॉलला माझ्याकडून दोन मार्क जास्त.

आणखी एक, कोट ठेवायला जागा किती आहे ते बघा. १५० माणसं म्हणजे १५० जाडजूड कोट, तेवढ्या टोप्या, मफलर आणि ओले बूट. नंबरचे टोकन आणि एक माणूस तिथे बसवला नाही तर निघताना जी शोधाशोध होते ती विचारू नका.

विधी बाहेर, उघड्यावर करायचाय. चालेल का?

चालेल, पण छोटा ठेवा. १५-२० मिनिटांच्या वर नको. आणि नुसतं तापमान बघून ठरवू नका, वारा बघा. उणे १० अंश असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरने वाहत असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं लागतं. त्यामुळे उणे ५ अंशातलं शांत ऊन परवडलं पण शून्य अंशातला बोचरा वारा नको. इमारतीच्या किंवा दाट झाडांच्या आडोशाची जागा निवडा. नुसती कड्यावरची, व्ह्यू छान म्हणून घेतलेली जागा वाऱ्याच्या तोंडावरच असते.

बसायला थंडगार लोखंडी खुर्च्या नकोत, लाकडी चालतील, प्रत्येक खुर्चीवर एक ब्लँकेट घडी करून ठेवा. पायाखाली जाड जाजम किंवा लाकडी फळ्या टाका, कारण थंडी बरीचशी तळपायातून चढते. आणि सगळी तयारी होईपर्यंत पाहुण्यांना आतच थांबवा. लोकांना २० मिनिटं आधी बाहेर बसवून ठेवतात तिथेच चूक होते, विधी १५ मिनिटांचा आणि बसून राहणं ३५ मिनिटांचं. प्लॅन बी म्हणून आतली जागा त्याच दिवशी रिकामी आणि सजवलेली हवी, "बघू ऐनवेळी" असं नको.

मंडप किंवा तंबू घातला तर?

इथे मी जरा लांब लिहिणार आहे कारण हा जिवाशी संबंध असलेला विषय आहे.

पहिली गोष्ट, बर्फाचं वजन. नुकत्याच पडलेल्या बर्फाची घनता साधारण दर घनमीटरला १०० किलो धरली तर १० सेंटीमीटर थर म्हणजे दर चौरस मीटरला १० किलो. तुमचा मंडप २०० चौरस मीटरचा असेल तर छतावर २ टन वजन आलं की! बर्फ ओला असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट. समारंभाचे बरेचसे तंबू ऊन-पावसासाठी बनवलेले असतात, बर्फाच्या भारासाठी नाही. म्हणून तंबूवाल्याला सरळ विचारा की हा किती भार घेतो, ते लेखी द्या म्हणावं, आणि बर्फ पडायला लागल्यावर छत झाडायला माणूस कोण. आदल्या रात्री उभा केलेला तंबू रात्रभर बेवारस सोडू नका.

दुसरी गोष्ट, हीटिंग. बंद तंबूत किंवा खोलीत कोळशाची शेगडी, बाहेर वापरायचा गॅस हीटर किंवा जनरेटर ठेवायचाच नाही. अजिबात नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं अशी लक्षणं येतात आणि लोकांना वाटतं की दगदग झाली म्हणून असेल. एकाच वेळी चार-पाच जणांना असं व्हायला लागलं तर प्रश्न न विचारता सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा आणि मदत बोलवा. तंबूसाठी असे हीटर मिळतात ज्यांचं मशीन बाहेर राहतं आणि पाइपमधून फक्त गरम हवा आत येते, तेच घ्या. सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, छोटासा असतो.

आत हॉलमध्ये किती गरम ठेवायचं?

पाहुणे यायच्या आधी १८-१९ अंश पुरे. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे १५० माणसं आली की १५ किलोवॉटचं हीटिंग आपोआप चालू झालं. आधीच २४ अंश केलंत तर तासाभरात सगळे घामाघूम आणि त्याच घामात बाहेर पडले की जास्तच गारठतात.

जादा इलेक्ट्रिक हीटर लावणार असाल तर इलेक्ट्रिशियनशी बोला. २३० व्होल्टवर २ किलोवॉटचा एक हीटर जवळपास ९ अँपिअर घेतो, एकाच लाइनवर दोन लावले आणि त्याच लाइनवर साउंड सिस्टिम असेल तर भर भाषणात सगळं ठप्प.

वेळ कुठली ठेवावी?

लवकरची. हिवाळ्यात उजेड फार थोडा असतो, ५० अक्षांशाच्या आसपास डिसेंबरअखेर दिवस जेमतेम ८ तासांचा, आणि दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त १६-१७ अंश वर असतो. डोंगराळ जागा असेल तर सूर्य डोंगराआड आणखी लवकर जातो, ॲपवर सूर्यास्त ४ वाजता दाखवत असेल पण तुमच्या अंगणात अडीचलाच सावली. आधी एकदा त्याच महिन्यात जाऊन ऊन कुठे कधी येतं ते बघून ठेवा.

मी सुचवेन की विधी सकाळी उशिरा, फोटो लगेच भर दुपारी, मग जेवण. अंधार पडायच्या आत वयस्कर माणसं मुक्कामाला पोचलेली असावीत, कारण दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी परत गोठतं आणि रस्ता काचेसारखा होतो.

नवरा-नवरीने काय घालायचं? थंडीसाठी लुक घालवायचा का?

लुक घालवायचा नाही, आतून बांधायचा. अंगालगत थर्मल, अगदी त्वचेच्या रंगाचे पातळ मिळतात, त्यावर पोशाख, आणि बाहेर जायला लोकरीची शाल किंवा लांब कोट जो पोशाखाला शोभेल असाच शिवून किंवा विकत घ्या, म्हणजे फोटोतही तो छान दिसतो आणि "काढ ना तो कोट" असं कोणी म्हणणार नाही. आतला थर सुती नको, सुती कपडा घामाने ओला झाला की अंग गार पाडतो, लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. रेशीम पण चांगलं.

माप घेतानाच थर्मल घालून माप द्या!! हे हमखास राहून जातं.

दागिन्यांचं कोणी सांगत नाही ते मी सांगते, धातू उष्णता पटकन ओढतो, त्यामुळे उणे तापमानात जड कानातले आणि गळ्यातलं अक्षरशः बोचतं. बाहेरच्या भागासाठी हलके दागिने, बाकीचे आत आल्यावर. बाहेर बूट खरबरीत तळाचे, आत गेल्यावर समारंभाची चप्पल किंवा सँडल. अंगठ्या घालायच्या असतील तर लक्षात ठेवा की थंडीत बोटं जरा आकसतात, सैल अंगठी बर्फात पडली तर शोधणं महाकठीण.

पाहुण्यांना किती सांगायचं? उगाच घाबरतील ना?

सगळं सांगा, नाही सांगितलं तर ते पातळ बुटांत येतील. निमंत्रणासोबत एक वेगळा मेसेज पाठवा ज्यात साधारण तापमान किती, बाहेर किती मिनिटं थांबायचंय, कसले बूट, गाडीने येणार असाल तर काय तयारी. "थंडी असेल, गरम कपडे आणा" हे पुरेसं नाही, ज्याने कधी उणे तापमान बघितलं नाही त्याच्या डोक्यात गरम कपडे म्हणजे एक स्वेटर. टोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे, घट्ट सोलचे बूट असं नाव घेऊन लिहा. दाराशी एका टोपलीत जादा हातमोजे, हात गरम करायची पाकिटं आणि बुटांना बाहेरून लावायच्या रबरी ग्रिप ठेवा, लोक खूप दुवा देतात.

आजी-आजोबा आणि लहान मुलांचं काय?

यांना बाहेरच्या कार्यक्रमात बसवायचा आग्रह धरू नका. काचेच्या खिडकीतून दिसेल अशी आतली जागा द्या, किंवा विधी आतच करा, सरळ. वयस्कर माणसांना थंडी वाजतेय हे उशिरा कळतं आणि कळलं तरी ती सांगत नाहीत, "मी ठीक आहे रे" म्हणत बसून राहतात. म्हणून प्रत्येकामागे एक तरुण माणूस नेमून द्या, गाडीपासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून गाडीपर्यंत, दंड धरून.

कोणाची थरथर थांबत नाही, बोलणं अडखळतंय, गोंधळल्यासारखं किंवा पेंगुळल्यासारखं वाटतंय तर ही शरीराचं तापमान धोकादायक घटल्याची लक्षणं आहेत, ३५ अंशांच्या खाली गेलं की प्रकरण गंभीर. आत घ्या, ओले कपडे काढा, पांघरूण घाला, डॉक्टरला बोलवा. बोटं किंवा कानाची पाळी पांढरट, बधिर झाली तर चोळू नका आणि हीटरसमोर धरू नका, त्वचेला इजा होते, डॉक्टरांना दाखवा. तान्ह्या बाळांवर तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, ती कुडकुडत नाहीत, नुसती मलूल होतात.

थोडी दारू घेतली की ऊब येते ना?

ऊब आल्यासारखी वाटते. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात त्यामुळे गरम वाटतं पण आतली उष्णता बाहेर निघून जाते. बाहेरच्या कार्यक्रमात गरमागरम बिनदारूचं पेय ठेवा, दारू असेलच तर आत आणि नंतर. नाचून, पिऊन, घामेजून कोटाशिवाय बाहेर हवा खायला गेलेल्या माणसावर कोणाचं तरी लक्ष असू द्या.

फोटो चांगले यायला काय करायचं?

बर्फात काम केलेला फोटोग्राफर घ्या, एवढं एक केलंत तरी पुष्कळ. कॅमेऱ्याला एवढा पांढरा रंग दिसला की तो सगळं करडं करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) एक ते दोन स्टॉप, म्हणजे दुप्पट ते चौपट, वाढवावं लागतं. थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात, जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाजवळ हव्यात. आणि थंड कॅमेरा एकदम उबदार हॉलमध्ये आणला की लेन्सवर दव धरतं, तो बाहेरच पिशवीत बंद करून आणायचा आणि हळूहळू गरम होऊ द्यायचा. म्हणजे बाहेरून आल्या आल्या आतले फोटो त्याच कॅमेऱ्याने होणार नाहीत, दुसरा कॅमेरा आत तयार हवा, हे आधी विचारून घ्या.

फोन पण दगा देतात. आयफोनसाठी कंपनी ० ते ३५ अंश असंच सांगते, त्याखाली तो अचानक बंद पडू शकतो. ड्रोन उडवायचा असेल तर किती तापमानापर्यंत चालतो ते त्याच्या माहितीपत्रकात बघा.

बाहेरचं शूट दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यात करा, मध्ये आत येऊन हात शेकायचे. नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं की चेहऱ्यावरचा आनंद पण जातो आणि ते फोटोत लपत नाही. उतरत्या छपराच्या कडेखाली किंवा लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांखाली उभं राहू नका, दिसायला सुंदर पण अंगावर कोसळतात.

गोठलेल्या तळ्यावर ग्रुप फोटो?

नको. एका माणसाला चालायला स्वच्छ, पारदर्शक बर्फाचा थर किमान १० सेंटीमीटर लागतो, पांढुरक्या बर्फाची ताकद त्याच्या निम्मी, आणि तुम्ही तर ३० जण एका जागी गोळा होणार. काठावरून काढा, तळं मागे दिसतंच.

मेकअप आणि त्वचा?

कोरडी हवा आणि हीटर मिळून त्वचेची वाट लावतात, आठवडाभर आधीपासून मॉइश्चरायझर. पावडरऐवजी क्रीमचा मेकअप, मस्कारा वॉटरप्रूफ कारण वाऱ्याने डोळे वाहतातच. सनस्क्रीन विसरू नका, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, हनुवटीखालूनसुद्धा चेहरा भाजतो.

फुलं टिकतात का?

गाडीतून हॉलपर्यंत नेण्यातच मरतात बहुतेक. पाकळ्यांमधलं पाणी गोठलं की पेशी फुटतात आणि फूल काळपट, लिबलिबीत होतं. ऑर्किड, अँथुरियम असली उष्ण प्रदेशातली फुलं तर गोठायच्या आधीच, नुसत्या गारठ्यानेच खराब होतात. आधी गरम केलेल्या गाडीतून, खोक्यात कागद गुंडाळून आणा. बाहेरच्या सजावटीला पाइन, देवदार यांच्या फांद्या आणि सुके शंकू वापरा, बर्फात तेच शोभतं पण.

जेवणाचं?

वाढपाची जागा बाहेरच्या दारापासून लांब. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहायला हवेत, त्यामुळे झाकण आणि खालून आच दोन्ही लागतं, ताटंसुद्धा कोमट करून ठेवा. केटररला एक दिवस आधीच सामानासकट पोचायला सांगा. आणि विधी संपल्या संपल्या हातात काहीतरी गरम प्यायला मिळालंच पाहिजे, जेवणाला वेळ लागला तरी चालेल.

संगीत, वाद्यं?

लाकडी वाद्यं थंडीत बेसूर होतात, तडकू पण शकतात. बाहेर वाजवायला स्पीकर बरा. वादक आत आले की वाद्य पेटीतच ठेवून हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

गाड्या आणि रस्ते, हेच मेन टेन्शन आहे!

बरोबर आहे, हेच असायला पाहिजे. सगळ्यांनी आपापल्या गाड्या आणण्यापेक्षा बसेस ठरवा, ड्रायव्हर बर्फातला हवा. टायर हिवाळ्याचे असावेत, साध्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड कमी होते. चढाचा रस्ता असेल तर टायरवर चढवायच्या साखळ्या. डिझेल गाडी सखल भागातून येत असेल तर इंधन हिवाळ्याचं आहे का ते बघा, कडक थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. पुलांवर विशेष सावकाश, पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो, आणि तो पातळ बर्फ दिसतसुद्धा नाही.

प्रत्येक गाडीत ब्लँकेट, पाणी, खाऊ, टॉर्च, चार्जर, फावडं, आणि टाकी अर्ध्याच्या वर. अडकलात तर गाडीतच थांबा, आणि इंजिन चालू करायच्या आधी मागचा सायलेन्सर बर्फाने बुजला नाही ना बघा, नाहीतर तोच कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो.

पायवाटेवर मीठ टाकलं की झालं ना?

साधं मीठ साधारण उणे ९ अंशांपर्यंतच नीट काम करतं. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड लागतं, किंवा सरळ वाळू टाका, बर्फ वितळत नाही पण पाय सटकत नाही. मिठाचे पांढरे डाग लांब पोशाखाच्या काठाला आणि चामड्याच्या बुटांना लागतात, म्हणून नवरीच्या वाटेवर वाळू आणि वर जाजम.

जागा उंच डोंगरावर आहे, वेगळं काही?

दर किलोमीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, पायथ्याचं तापमान बघून कपडे ठरवू नका. २५०० मीटरच्या वर असेल तर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, पाहुण्यांना एक-दोन दिवस आधी बोलवा, पहिल्या दिवशी धावपळ आणि दारू नको. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं.

विमा, करार, ॲडव्हान्स?

करारात खराब हवामानाबद्दल काय लिहिलंय ते शब्द न शब्द वाचा. तारीख पुढे ढकलता येते की पैसेच जातात, "रस्ता सरकारने बंद केला" आणि "पाहुणे येऊ शकले नाहीत" यात ते फरक करतात का. विमा घेणार असाल तर तारीख ठरल्या ठरल्या घ्या, वादळाचा इशारा आल्यावर घेतलेला विमा त्या वादळाला सहसा लागू होत नाही.

आणि आदल्या रात्री खरंच वादळ सुरू झालं तर?

लग्नाला जी माणसं असायलाच हवीत, म्हणजे नवरा-नवरी, दोन्हीकडचे आई-वडील, विधी करणारे, फोटोग्राफर, ती सगळी दोन दिवस आधीपासून त्याच जागेवर मुक्कामाला असतील तर लग्न अडत नाही. पोशाख आणि अंगठ्या पण त्यांच्यासोबतच, मागून येणाऱ्या गाडीत नको. बाकीच्यांसाठी व्हिडिओ कॉलची सोय आधीच तपासून ठेवा.

निर्णय घेणारा माणूस एकच ठरवा, तो नवरा किंवा नवरी नसावा, त्यांच्यावर त्या रात्री हा भार नको. निर्णयाची वेळ पण आधी ठरवा, समजा आदल्या संध्याकाळी ६ वाजता एकदा आणि सकाळी ७ वाजता एकदा. रस्ता बंद असेल तर कोणालाही "कसंही करून या" म्हणायचं नाही, कितीही जवळचं माणूस असलं तरी. सगळ्यांना मेसेज एकाच ग्रुपवर, एकाच माणसाकडून जाईल आणि प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ लिहा, कारण डोंगरात नेटवर्क येतं-जातं, चार मेसेज एकदम पोचतात आणि ताजा कुठला तेच कळत नाही.